उकडलेला घेवडा

मी तापट माणूस. हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण पुढं जे घडलं त्याचं मूळ बरंचसं त्यातच आहे. दौंडजवळच्या एका अध्यापक विद्यालयात मी बावीस वर्षं विज्ञान शिकवलं. म्हणजे खरं तर विज्ञान कसं शिकवायचं, ते शिकवलं. बारावी होऊन आलेली मुलंमुली दोन वर्षांत डी.एड. करायची आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून लहान वर्गांना शिकवायला लागायची. पाठीमागं ती मला ‘स्टो’ म्हणायची. पंपसुद्धा मारायला लागत नाही, नुसती काडी दाखवा, असा त्याचा अर्थ. मला ते ठाऊक होतं आणि खोटं कशाला बोलू, त्याचा थोडा अभिमानही वाटायचा. कडक मास्तर म्हणजे चांगला मास्तर, असं मी धरून चाललो होतो.

आमच्या कामात सराव पाठ ही मोठी गोष्ट. मुलांनी आसपासच्या गावच्या शाळेत जाऊन खऱ्या वर्गावर शिकवायचं, आम्ही मागच्या बाकावर बसून वहीत शेरे लिहायचे. त्याआधी पाठाचं टाचण काढून माझी सही घ्यायची. टाचणात दोन रकाने असत. एकात शिक्षकाचा प्रश्न, शेजारी विद्यार्थ्याचं अपेक्षित उत्तर. वर्गात मुलानं वेगळंच उत्तर दिलं की आमचे भावी मास्तर गडबडायचे, कारण ते उत्तर टाचणात नसायचं. मी म्हणायचो, मग प्रश्न नीट विचारा, म्हणजे उत्तर नीट येईल. किती टाचणं टराटरा फाडली त्याचा हिशेब नाही. आणि एक वाक्य तर मी दर वर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहायचो, की प्रयोग फसला म्हणजे पाठ फसला.

चौथीच्या वर्गाला एक प्रयोग ठरलेला होता. बी रुजायला काय काय लागतं, ते दाखवायचा. लाकडी पट्टीला दोऱ्यानं घेवड्याच्या तीन बिया बांधायच्या, एक वर, एक मध्ये, एक खाली. पट्टी काचेच्या ग्लासात उभी करायची आणि मधल्या बीच्या निम्म्यापर्यंत पाणी घालायचं. वरच्या बीला हवा मिळते पण पाणी नाही. खालच्याला पाणी मिळतं पण हवा नाही. मधल्याला दोन्ही मिळतं, म्हणून मोड फक्त मधल्याला येतो. पुस्तकात तसंच चित्र होतं. छान, सुटसुटीत.

फक्त एक भानगड होती. खालच्या बीलाही मोड यायचा. दर वेळी नाही, पण बरेचदा यायचा. बारीक, पांढरा, पुढं न वाढणारा, पण मोडच. का येतो ते मला माहीत होतं. पाण्यात थोडी हवा विरघळलेली असते, तेवढ्यावर बी सुरुवात करतं आणि मग अडकतं. आता हे चौथीच्या पोरांना कुठं सांगत बसायचं, असं मला वाटायचं. नोकरीच्या सुरुवातीला एकदा वरचे साहेब शाळेत आले होते आणि मी आदर्श पाठ देत होतो. खालच्या बीला टपोरा मोड आलेला. पोरांनी ‘सर, ह्याला बी मोड आलाय की’ म्हणून कालवा केला, साहेब हसले, आणि जाताना शेरेबुकात ‘प्रयोग फसला’ अशी एक ओळ लिहून गेले. ती ओळ मी कितीतरी वर्षं विसरलो नाही.

तेव्हापासून मी खालचं बी उकडायला लागलो. पट्टीला बांधायच्या आधी त्याला दोन उकळ्या द्यायच्या. दिसायला तिन्ही सारखीच, पण खालचं मेलेलं. त्याला मोड येण्याचा प्रश्नच नाही. रोज पाणी बदललं की वासही येत नाही. पुढं वार्षिक परीक्षेच्या वेळी एक मुलगा फार घाबरला होता म्हणून त्याला ही युक्ती सांगितली. त्यानं ती पुढच्या वर्षीच्या मुलांना सांगितली. अशी ती एका तुकडीकडून दुसरीकडं जात राहिली. मी कधी वर्गात उघड सांगितली नाही आणि कधी कुणाला अडवलंही नाही. वरून मुलांमध्ये त्याचं एक कौतुक होतं, की आमच्या सरांचा प्रयोग कधी फसत नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडं एका तुकडीत न्हावऱ्याकडची एक मुलगी होती. घर मेंढपाळांचं. आजोबांपर्यंत मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारं, वडिलांनी मात्र जमिनीचा तुकडा धरून तिथंच घर बांधलेलं. मेंढरं थोडीच राहिली होती, ऊस आणि कांदा सुरू झाला होता. त्या घरातून बारावीपर्यंत पोचलेली ही पहिलीच. रोज एस्टीनं यायची आणि एस्टी रोज उशिरा यायची, म्हणून ती रोज माझं बोलणं खायची. बोलायची कमी. पण सराव पाठात लहान मुलं तिच्याभोवती गोळा व्हायची, हे मी मागच्या बाकावरून पाहत होतो. तिचे गुण काठावरचे होते. उशिराचे, हजेरीचे, टाचणातल्या शुद्धलेखनाचे मी कापले होते. वार्षिक पाठ चांगला गेला तरच ती पास होणार होती, आणि त्या उन्हाळ्यात शिक्षकांची भरती निघणार अशी पक्की बातमी होती. भरती पुन्हा कधी निघेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

वार्षिक पाठाचे विषय चिठ्ठी टाकून ठरायचे. तिला चौथीचा बी रुजण्याचा पाठ आला. मी तिला बोलावलं आणि खालच्या बीचं सांगितलं. तोपर्यंत मी स्वतःहून फक्त दोघातिघांना सांगितलं होतं. तिला सांगितलं ते तिची काळजी वाटली म्हणून, एवढं मी आजही छातीवर हात ठेवून म्हणेन. तिनं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, सर, पण खालच्याला... मी तिला पुढं बोलूच दिलं नाही. म्हटलं, प्रश्न नंतर, आधी पास हो. ती बरं म्हणून गेली.

पाठ नदीकाठच्या एका गावच्या शाळेत होता. बाहेरच्या विद्यालयातले एक परीक्षक आले होते. वयस्कर, शांत, जाड चष्म्याचे. त्यांच्या शेजारी मी. ग्लास आठ दिवसांपूर्वीच वर्गातल्या खिडकीत ठेवलेला होता, मुलांनी रोज पाहून वहीत चित्रं काढली होती. ती गुलाबी काठाची पांढरी साडी नेसून आली होती, कापडी पिशवी तिनं टेबलाच्या पायाशी ठेवली. सुरुवातीला आवाज कापत होता, मग लागला. प्रश्न छान विचारले. मधल्या बीचा मोड चांगला बोटभर झाला होता. मुलांकडून सगळी उत्तरं टाचणाप्रमाणं येत होती. मी माझ्या वहीत बरे शेरे लिहिले, लिहिताना मलाच हायसं वाटलं.

मग तिनं मुलांना ओळीनं पुढं बोलावून बिया जवळून दाखवल्या. त्यात तिची चूक काही नव्हती, मीच तसं शिकवलं होतं की मुलांना हात लावू द्या. एका मुलीनं खालचं बी दोन बोटांत धरलं. साल सटकन निघून तिच्या बोटाला चिकटली आणि आतली डाळ दुभंगली. ती मुलगी घरी रोज चुलीपुढं बसणारी असणार. तिला ओळखायला काही वेळ लागला नाही.

“बाई, ह्ये शिजवल्यालं हाय,” ती म्हणाली. “आमची आई उसळीला शिजवती, तसंच.”

वर्ग हसला नाही. सगळी मुलं बाईंकडं बघायला लागली. परीक्षक उठले, पुढं गेले, बी हातात घेऊन पाहिलं. मग अगदी मऊ आवाजात त्यांनी बाईंना विचारलं, की हे बी उकडलेलं आहे का. ती हो म्हणाली. तिनं एकदा टेबलाच्या पायाशी असलेल्या पिशवीकडं पाहिलं आणि मग समोर पाहिलं.

“असं करायला कुणी सांगितलं?” त्यांनी विचारलं.

मी पेन धरून बसलो होतो. एवढंच म्हणायचं होतं की मी सांगितलं. दोन शब्द. पण तालुकाभर माझं नाव होतं, आदर्श पाठाला मला लांबून बोलावणी यायची, आणि त्याच माणसानं घेवडा शिजवून विज्ञान शिकवलं, ही गोष्ट विद्यालया-विद्यालयांतून फिरली असती. मी तिच्याकडं पाहिलं नाही. वहीकडं पाहत राहिलो.

“कुणी नाही सर,” ती म्हणाली. “मीच केलं.”

परीक्षकांनी माझ्याकडं वळून पाहिलं की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही, कारण मी मान वर केलीच नव्हती. त्यांनी तिला पाठ पुरा करू दिला. शेवटी त्यांनी काय लिहिलं ते मला वाचायला मिळालं. मुलांची फसवणूक करून निष्कर्ष काढला, असं लिहिलं होतं. वार्षिक पाठात नापास.

आणि मी काय केलं? बाहेर व्हरांड्यात तिला गाठून झापलं. उकडायचं म्हणजे शिजवायचं नाही, एवढी अक्कल नाही का, दोन उकळ्या सांगितल्या होत्या, असं म्हणालो. हे लिहितानाही लाज वाटते. पण झालं तसं सांगायला पाहिजे. ती चुकलं सर म्हणाली आणि पिशवी छातीशी धरून एस्टीच्या थांब्याकडं चालायला लागली.

निकालानंतर एक दिवस तिचे वडील विद्यालयात आले. मुंडासं, धोतर, पायात जाड वहाणा. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मी म्हटलं, आप्पा, बसा. ते उभ्यानंच बोलले. आवाजात राग नव्हता, कोडं पडल्यासारखे बोलत होते.

“सर, आमची पोर म्हनती मी उकडल्यालं बी लावलं,” ते म्हणाले. “आता आमच्यात पेरणी तीच करती. मला बी येवढं नीट जमत न्हाई. तिला कळना व्हय, उकडल्यालं उगवत न्हाई म्हून?”

मी म्हणालो, परीक्षेच्या भीतीनं गडबडली. पुढच्या वर्षी होईल पास. त्यांनी मान हलवली. जाताना म्हणाले, पोर तुमचं लई नाव काढती, तुमीच बघा तिच्याकडं. त्यांच्यामागं फाटकापर्यंत जावं असं वाटलं, पण नाही गेलो.

भरती त्या उन्हाळ्यात निघालीच. तिच्याबरोबरची बहुतेक मुलं गावोगाव शाळांवर हजर झाली, हरखून पेढे घेऊन भेटायला आली. ती पुढच्या वर्षी वार्षिक पाठ देऊन पास झाली. तो पाठ घ्यायला मी मुद्दाम गेलो नाही, काहीतरी कारण काढलं. पण आता भरती नव्हती. पुढं कळलं की ती कुरकुंभला औषधांच्या कारखान्यात लागली आहे, गोळ्या पाकिटात भरायच्या कामावर. पाळी बदलायची तशी तिची गाडीची वेळ बदलायची. दौंडच्या स्टँडवर एकदा ती मला लांबून दिसली, डोक्याला रुमाल, हातात डबा. मी पेपर उघडून तोंडापुढं धरला. बाप रे, केवढा मोठा माणूस मी.

त्या वर्षापासून मी तो प्रयोगच शिकवणं सोडून दिलं. चिठ्ठ्यांतून तो पाठ काढून टाकला. कुणी विचारलं तर म्हणायचो, त्यात वेळ जातो. युक्ती सांगणंही बंद केलं. वाटलं, संपलं. पण जे आधीच बाहेर पडलं होतं ते मला कुठं परत घेता येणार होतं?

सात-आठ वर्षं गेली. मी निवृत्तीला आलो होतो. शिरूरला प्राथमिक शिक्षकांचं विज्ञानाचं प्रशिक्षण होतं आणि तज्ज्ञ म्हणून मला बोलावलं होतं. एका शाळेचा मोठा हॉल, चाळीसेक शिक्षक, पंखे गरगर फिरत होते पण वारा म्हणून नव्हता. मी आत शिरलो आणि शेवटच्या ओळीत खिडकीशी ती दिसली. अंगानं थोडी भरली होती, चष्मा लागला होता. चार वर्षं कारखान्यात काढून मग ती एकदाची शाळेवर लागली, हे कानावर आलं होतं. तिनं बसल्या जागी हात जोडले. मीही जोडले. पुढचा तासभर मी त्या खिडकीकडं पाहणं टाळत बोलत होतो.

दुपारी शिक्षकांनी आपापले प्रयोग मांडायचे होते. एक तरुण शिक्षक उत्साहानं पुढं आला. त्याच्या हातात काचेचा ग्लास, ग्लासात पट्टी, पट्टीला तीन बिया. त्यानं सुरेख समजावून सांगितलं. वरचं कोरडं, मधल्याला मोड, खालचं जसंच्या तसं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ग्लास जवळ घेतला, खालचं बी चिमटीत धरलं आणि दाबलं. साल सटकन निघाली.

मी त्याला विचारलं, हे कुठं शिकलात. तो बिचारा गोरामोरा झाला, इकडंतिकडं पाहायला लागला. मागून दोघंतिघं फिसकन हसले. त्याला वाटलं, आता इथं माझी चांगलीच खरडपट्टी निघणार. हळू आवाजात म्हणाला, डी.एड.ला सर, सीनियर मुलांनी सांगितलं होतं. कुठल्या विद्यालयात, ते मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

या वेळी मी वहीकडं पाहिलं नाही. मी म्हणालो, यांना हसू नका, ही युक्ती माझी आहे. साहेबांच्या शेऱ्याला भिऊन मी बी उकडायला लागलो, मुलांनाही शिकवलं. एका मुलीची या पायी परीक्षा गेली. कुणी सांगितलं म्हणून तिला विचारलं तेव्हा मी समोरच बसलो होतो आणि मी बोललो नाही. ती म्हणाली, मीच केलं. एवढं बोलून मी खुर्चीवर बसलो. कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढं केला. ती मुलगी याच हॉलमध्ये बसली आहे, हे मी सांगितलं नाही. तो तिचा अधिकार होता.

चहाच्या सुट्टीत मी व्हरांड्यात एकटाच उभा होतो. ती आली. मी काही म्हणायच्या आत म्हणाली, सर, उन्हात का उभे आहात, सावलीत या. मग आम्ही भिंतीलगत उभे राहिलो. मी माफी मागितली. किती वेळ मनात जुळवलेली वाक्यं होती, पण तोंडातून दोनच आली, ती पण अडखळत. तिनं मान हलवली, पण असू द्या सर असं काही ती म्हणाली नाही. ती तसं म्हणाली नाही तेच बरं झालं.

थोड्या वेळानं ती तिच्या शाळेबद्दल बोलायला लागली. तिच्या वर्गातही खालच्या बीला मोड आला होता. मुलांनी विचारलं, बाई, पाण्यात हवा नाही मग हे कसं उगवलं. एक मुलगी म्हणाली, मग मासे कसे जगतात. तेव्हा हिनं वरच्या वर्गाच्या पुस्तकातला खिळा गंजण्याचा प्रयोग आठवून दोन ग्लास मांडले. एकात साधं पाणी, दुसऱ्यात उकळून गार केलेलं पाणी आणि वरून तेलाचा थर, म्हणजे बाहेरची हवा आत जायला नको. दोन्हीत तळाशी चांगलं, जिवंत बी. साध्या पाण्यातल्याला मोड आला, उकळलेल्या पाण्यातल्याला आला नाही.

“बी न्हाई उकडायचं, सर,” ती म्हणाली. “पाणी उकळायचं.”

बावीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खिळ्याचा प्रयोग मी दर वर्षी शिकवत होतो, शेजारच्याच कपाटातून सामान काढून. मी तिला विचारलं, हे तुला कधी सुचलं. हातातला रिकामा कप तिनं कठड्यावर ठेवला.

“प्रश्न तवाच पडला होता, सर. घरी मी दुसरी पट्टी लावली होती, न उकडलेल्या बियांची. तिच्या खालच्याला मोड आला होता. तुम्हाला दाखवून विचारायचं होतं, हे कसं म्हणून. परीक्षेच्या दिवशी ती पट्टी ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत आणली होती.” मग ती माझ्याकडं न पाहता म्हणाली, “तुम्ही चिडाल म्हणून बाहेर काढली नाही.”

उत्तर मला त्या दिवशीही ठाऊक होतं. अर्ध्या मिनिटाचं उत्तर. आणि मी तिच्यापासून चार हातांवर बसलो होतो.